पहिला येईल त्यानं भांडी घासायची

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. यंदा ती मला साडेचार तासांच्या आत संपवायची होती. संपवली ४ तास ३२ मिनिटांत. वरची दोन मिनिटं पुढचे दहा दिवस आमच्या घरातच मुक्कामाला होती. जेवायला बसली की तीच वाढून घ्यायची. शेवटी नवराच म्हणाला, "ते तुझे कोकणात पळणारे वेडे बोलावतायत ना, जाऊन ये एकदा."

हे वेडे म्हणजे डोंबिवली-ठाण्याकडचे चौदा-पंधरा जण. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडी असेतोवर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं तीन दिवस पळतात. या प्रकाराला नाव नाही, नोंदणी नाही, टी-शर्ट नाही. फी म्हणजे प्रत्येकी एक किलो तांदूळ किंवा मुगाची डाळ. ही कल्पना काही आपली नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जो ओक्स नावाच्या पळणाऱ्यानं नाताळात साठलेली चरबी झडावी म्हणून मित्रांना गोळा करून पन्नास मैलांची धाव काढली आणि तिला नाव दिलं 'फॅट ॲस'. त्याचा मराठी तर्जुमा मी इथे करत नाही. फी नाही, बक्षीस नाही, मदत नाही, कुरकुर नाही, असा त्या मंडळींचा खाक्या. आमच्या लोकांनी त्यातली कुरकुर तेवढी परत आणली आणि एक नियम आपल्या पदरचा घातला: मुक्कामी जो पहिला पोचेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची.

पहिला दिवस: मांडवा ते रेवदंडा

पहाटेची पहिली लाँच गेटवेहून सुटते तेव्हा ताजमहाल हॉटेलचे दिवे अजून चालू असतात. थंडी म्हणावी तर होती, म्हणजे अंगातलं जॅकेट काढवत नव्हतं. हिवाळी पाहुणे कुरव पक्षी लाँचमागे किंचाळत येत होते आणि लोक त्यांना शेव घालत होते. ती घालू नये, हे आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना सांगून पाहिलं आणि मग स्वतःच्या चिवड्याचा डबा उघडला.

तासाभरात मांडवा. धक्क्यावर आमचा टेम्पो उभा होता, छोटा हत्ती. तो एकाच्या मेव्हण्याचा. त्यात दोन मोठे टोप, शेगडी, पाण्याचे कॅन, चटया आणि दोन वहिनी. "आम्हाला सपोर्ट क्रू म्हणायचं नाही," थोरल्या वहिनींनी आधीच बजावलं. "आम्ही फिरायला आलोय. तुम्ही वाटेत दिसलात तर पाणी देऊ."

मग कामं वाटली. माझ्या वाट्याला शेपूट आलं. शेपूट म्हणजे सगळ्यात मागे राहायचं, शेवटच्या भिडूला सोडून पुढे जायचं नाही. मी विरोध केला. मी काही इतकी हळू नाही, माझी मॅरेथॉन... "चार बत्तीस, माहितीये," सगळे एका सुरात म्हणाले. घरून कुणीतरी फोन केलेला असणार.

शेवटचा भिडू म्हणजे काका. वय ६७, बँकेतून निवृत्त. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, अशी त्यांची पद्धत. प्रत्यक्षात एक मिनिट पळून चार मिनिटं समोर दिसेल त्याच्याशी बोलायचं, अशी. सासवण्यात पहिला थांबा झाला तो शिल्पकार करमरकरांच्या घरासमोर. पुण्यातला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला, १९२८ साली तो उभा राहिला. हे काकांनी मला इतक्या बारकाईनं सांगितलं की ओतकाम होतानाही ते हजर असावेत. आत जायला वेळ नव्हता. म्हणजे मला नव्हता.

किहीमला डॉक्टरीणबाई मागे रेंगाळलेल्या सापडल्या. सालिम अलींनी १९३० साली इथे राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते. मग हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. "आणि हे त्यांनी महिनोन् महिने शिडीवर बसून पाहिलं," बाई म्हणाल्या. काका म्हणाले, "बघ. बसून." आणि ते एका कठड्यावर बसले.

थळच्या खत कारखान्यापाशी ऊन लागायला लागलं. कोकणातली थंडी पहाटे चार ते आठ एवढीच ड्युटी करते. वरसोलीहून अलिबागेत शिरलो तेव्हा २१ किलोमीटर झाले होते असं माझं घड्याळ म्हणत होतं. बाकीच्यांची घड्याळं २०.३ पासून २१.८ पर्यंत काहीही म्हणत होती. यावर भांडण जुंपलं. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली ती इथे हलवली. तेव्हा घड्याळांचा घोळ त्या चुंबकामुळेच, असं आमच्यातल्या धाकट्यानं ठासून सांगितलं. तो इंजिनिअर आहे. घड्याळ उपग्रहावर चालतं, चुंबकावर नाही, हे त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगावं लागलं.

अलिबाग सोडलं की रस्त्याला सावली येते. आक्षी, नागाव, चौल, सगळ्या नारळ-पोफळीच्या वाड्या. आक्षीचा शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा. मराठीतला सगळ्यात जुना तोच, असं बरेच अभ्यासक मानतात. हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी मराठीत लिहिलं आणि आज त्याच रस्त्यावर एक आजी मला मराठीतच विचारत होत्या, "काय गो बाय, बस चुकली का?" नाही म्हटलं, पळतेय. "मग कोन मागं लागलाय?" मी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं, कारण शेपूट मीच.

नागावला काकांना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याची माळ दिसली. अलिबागचा पांढरा कांदा, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवा माल नुकता दिसायला लागतो. त्यांनी घासाघीस न करता माळ घेतली आणि गळ्यात घातली. पुढचे दहा-बारा किलोमीटर हा मनुष्य गळ्यात कांदे घालून पळाला. समोरून येणारी प्रत्येक एसटी हॉर्न वाजवून गेली. मी आजवर नऊ पदकं आणली आहेत, एकाचाही एवढा सत्कार झालेला नाही.

संध्याकाळी चौल आणि रेवदंड्याच्या मधल्या एका वाडीत मुक्काम. धाकटा पावणेदोन तास आधी पोचला होता आणि भांडी घासायच्या नियमाला हसत होता. रात्री पोपटी लावली. हंगाम संपत आलेला, तरी वालाच्या शेंगा मिळाल्या. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी घट्ट पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालायचं आणि भोवती झावळ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या तासानं वाडीच्या मालकानं मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडून गेलं. "झाली," तो म्हणाला. भांबुर्ड्याचा तो कडवट वास शेंगांना असा काही लागतो की त्यापुढे मसाला नको वाटतो. धाकट्याला वाटलं पोपटीला भांडी लागत नाहीत, आपण सुटलो. वहिनींनी पोपटीआधी खिचडीही लावली होती. दोन्ही टोप.

दुसरा दिवस: रेवदंडा ते आगरदांडा

पहाटे पाचला उठताना पाय विचारत होते, परत? गार वारा होता, वाडीतल्या सुपाऱ्यांवर दव. सगळ्यांनी मांड्यांना खोबरेल चोपडलं. लांब पळणाऱ्यांची खरी दुखणी दमात नसतात, कातडीत असतात. कपडा घासून सोललेली जागा घामाच्या मिठानं अशी चुरचुरते की माणूस आंघोळीला भितो.

अंधारात रेवदंड्यातून निघालो. इथल्या शाळेत अफानासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात होर्मुझहून विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. चौलहून पालीला पोचायला आठ दिवस लागले असं त्यानं लिहून ठेवलंय. काकांना ही माहिती भलतीच आवडली. दिवसभर कुणी "काका, चला ना" म्हटलं की ते म्हणायचे, "निकितिनपेक्षा बराय."

कुंडलिकेच्या खाडीवरच्या पुलावर उजाडलं. पुलापलीकडे साळाव, मग कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला, खाली गाव. या गावातली ख्रिस्ती माणसं घरात पोर्तुगीजवरून घडलेली एक वेगळीच बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज इथून १७४०मध्ये गेले, बोली मागे राहिली. रस्त्यावर दोन बाया बोलत होत्या. कान टवकारले तर एक शब्द कळेना. आम्हाला पाहून त्या थांबल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "पाणी हवंय?" आम्ही तांब्याभर प्यायलो.

काशीदच्या अलीकडे चढ-उतार सुरू होतात. चढ सोपा असतो, सगळे चालतात आणि कुणाला लाज वाटत नाही. उतार वाईट. मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि आदल्या दिवशीचे ३८ किलोमीटर तिथे जमा झालेले असतात. मी उतार उलटी, पाठीमागे चालत उतरले. फणसाडच्या जंगलाच्या कडेला माकडांच्या एका टोळीनं हा प्रकार थांबून पाहिला.

अकरा वाजता काशीदच्या किनाऱ्यावर घोडे, उंट, भजी आणि मोबाइलवर रील काढणारी पोरं. ऊन रणरणत होतं. आमच्यातला एक जण गप्प झालेला, बोटं सुजलेली, डोकं दुखतंय म्हणाला. पाणी किती प्यायलास? "खूप, सारखा पितोय." डॉक्टरीणबाईंनी त्याला तिथेच टेम्पोच्या सावलीत बसवला. घामावाटे मीठ जातं आणि माणूस वरून नुसतं पाणी ढोसत राहतो, मग रक्तातलं सोडियम उतरतं. पाणी कमी पडण्याइतकंच हेही जिवावर बेतू शकतं. पाणी बंद, खारे शेंगदाणे खायला घातले आणि त्या दिवसापुरतं त्याचं पळणं संपवलं. तो रुसला. बाईंनी त्याचा बूट काढून टेम्पोत स्वतःच्या पिशवीत ठेवला. या तीन दिवसांत थट्टा न झालेली हीच एक गोष्ट.

नांदगावच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले. मग शेवटचा चढ, आणि वळणावर एकदम खाली मुरुड. उजवीकडे नबाबाचा राजवाडा, समोर समुद्रात पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजीमहाराजांनी तो बांधला. जंजिरा मात्र मराठ्यांच्या हाती कधी आला नाही. काका कठड्यावर टेकून पद्मदुर्गाकडे बघत बसले. मी पहिल्यांदाच घड्याळ न बघता त्यांच्या शेजारी बसले, अर्थात पायात गोळा आला होता म्हणून.

इथेच खरा वाद उफाळला. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्यापुढे गेलं तर अल्ट्रा. पहिल्या दिवशी ३८ झालेले. तिसऱ्या दिवशी चाळीसच्या आसपास होणार. मग हे सगळं मिळून आहे तरी काय? धाकटा म्हणे, तीन दिवसांची बेरीज घ्यायची. काका म्हणे, "मधे झोपलास की बेरीज संपली. तसं धरलं तर माझी सून रोज स्टेशनला पळते, तीही महिन्याला अल्ट्रा करते." तेव्हा निदान आज, एका दमात, बेचाळीस ओलांडायचे असं ठरलं. मुरुडच्या वाळूवर दीड किलोमीटर वाढवले. तरी आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचलो तर काकांच्या घड्याळात ४१.६.

समोर दिघीला जाणारी जंगलजेट्टी लागलेली. गाड्या चढत होत्या, आमचा टेम्पो चढलासुद्धा. आणि आम्ही तेरा माणसं धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतोय, लंगडत, एकमेकांना घड्याळं दाखवत. जाळी विणत बसलेल्या एका कोळीदादानं विचारलं, "काय हरवलंय?" "सहाशे मीटर," काका म्हणाले. तो उठून शोधायला लागला. ४२.२ दिसल्यावर आम्ही आरोळी ठोकली, बोटीवरच्या लोकांनीही उगाच ठोकली. त्या दिवशी पहिलं कोण आलं ते ठरवता येईना, म्हणून भांडी वहिनींनी सगळ्या पुरुषांना वाटून दिली.

दिघी ते दिवेआगर टेम्पोनं गेलो. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत पळत, असं आम्ही सांगतो तेव्हा या तुकड्याचा उल्लेख टाळतो.

तिसरा दिवस: दिवेआगर ते हरिहरेश्वर

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी असा समुद्राला खेटून जातो. त्याच्याविषयी फार लिहीत नाही. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधे आपण, जाऊन यावं. भरडखोलला पहाटेचे मचवे लागत होते आणि वास असा की रिकाम्या पोटी पळणाऱ्याला दोन्ही वाटावं, भूकही आणि मळमळही.

पायांचं एव्हाना काही दुखेनासं झालं होतं, कारण सगळंच दुखत होतं. काकांच्या टाचेला फोड आलेला. डॉक्टरीणबाईंनी सुई जाळून तो फोडला, पट्टी लावली. "काका, टेम्पोत बसा की," मी म्हटलं. "अगं, श्रीवर्धन कुठं पळून जातंय?" ते म्हणाले. आणि मग चालता चालता बोलत राहिले. बँकेत असताना याच पट्ट्यात त्यांची बदली झाली होती, वाड्यांना कर्जं वाटली होती. श्रीवर्धनची सुपारी, रोठा, तिला बाजारात भाव. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथेच धडकलं. पन्नास-पन्नास वर्षांच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं सहज जातात. "ज्यांनी तेव्हा लावली त्यांची आता धरायला लागली असेल," असं म्हणून ते प्रत्येक वाडीच्या गडग्यावरून डोकावत होते. एका ठिकाणी आत कुणीतरी ओळखीचं निघालं. चहा झाला. मी घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार होते, पण बघितलं: २३ मिनिटं.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव. इथला हा भट पुढे साताऱ्याच्या शाहूमहाराजांचा पेशवा झाला. साताऱ्याला तो काही पळत गेला नसावा. श्रीवर्धननंतर पुन्हा चढ, पुन्हा ऊन. कोकम सरबतात मीठ घालून घालून त्याची आमटी झाली होती. पुढची मंडळी केव्हाच दिसेनाशी झालेली. मी आणि काका, दोघंच. साडेचार तासांत मुंबई पालथी घालायला निघालेली मी, ताशी पाच किलोमीटरनं एका म्हातारबाबांच्या मागे.

हरिहरेश्वरच्या वेशीवर दुपारचे दोन वाजायला आले. एक वळण, आणि रस्त्याच्या कडेला आमची सगळी टोळी. कुणी झाडाखाली आडवं, कुणी टपरीवर, धाकटा शहाळं पितोय. मला वाटलं, काय ही माणसं! शेवटच्यासाठी थांबली. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "चला, चला, शाब्बास!" गळ्यात हुंदका आला हो माझ्या. देवळाशेजारी टेम्पो उभा होता, अवघ्या शंभर पावलांवर. काकांच्या बुटाची नाडी सुटली म्हणून ते वाकले. "तू हो पुढे," म्हणाले.

मी झाले पुढे. पळत. दोन्ही हात वर करून.

टेम्पोला हात लावला आणि थोरल्या वहिनींनी माझ्या हातात काथ्या ठेवला. मागे वळून पाहिलं तर टोळी रमतगमत येत होती, काका सगळ्यात पुढे. नाडी तशीच सुटलेली. तास-दीड तास ही मंडळी देवळापासून शंभर पावलांवर बसून होती, पहिलं कोणी जायचं नाही म्हणून.

जेवणं झाली. भरतीमुळे प्रदक्षिणेची वाट बंद होती, ती राहिली. बाकीचे सावलीत घोरत असताना मी नळावर दोन टोप घेऊन बसले, राख आणि काथ्या. खिचडी खाली लागलेली. काका चमचा घेऊन आले आणि शेजारी टेकले. "थांब, घासायच्या आधी खरवड काढू दे." पांढऱ्या कांद्याची खरवड. अर्धी त्यांनी मला दिली.

दुसरा टोप पालथा घातला तेव्हा मनगटावर लक्ष गेलं. घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं होतं. तिसऱ्या दिवसाची माझी अधिकृत वेळ भांड्यांसकट ९ तास ४१ मिनिटं.